वेग, दम आणि खेळाची जाण

शारीरिक शिक्षणाच्या तासाला मुलांची जी चाचणी घेतली जाते तिच्यात धावण्याला पहिला मान असतो. हे स्वाभाविक आहे. मैदानावर चुन्याची रेघ मारावी, मुलांना ओळीत उभे करावे, शिटी वाजवावी आणि घड्याळ पाहावे. एवढ्याने काम भागते. मिळालेला आकडा नोंदवहीत लिहिता येतो, वरिष्ठांना दाखविता येतो, आणि त्याबद्दल कोणी वाद घालीत नाही. परंतु हाच आकडा पुढे मुलाच्या नावाला चिकटतो. 'हा मागे पडणारा' अशी त्याची ओळख एकदा झाली म्हणजे संघ निवडताना त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि थोड्याच दिवसांत तो मुलगाही इतरांची दप्तरे राखीत मैदानाच्या कडेला बसू लागतो.

धावण्यात मंद असलेल्या मुलाला खेळात कितपत भवितव्य असते, हा प्रश्न म्हणून नीट तपासून पाहण्याजोगा आहे. तो केवळ सहानुभूतीने सुटणारा नाही. मंद मुलाला 'तूही पुढे जाशील' असे म्हणणे सोपे असते. ते खरे आहे की नाही हे पाहणे अवघड. त्यासाठी असे एखादे क्षेत्र हवे की, जेथे मुलांचा वेग व दम काटेकोरपणे मोजला जातो, त्यावरून त्यांच्याविषयी निर्णय घेतला जातो, आणि तो निर्णय बरोबर ठरला की चुकला हे पुढील दहापंधरा वर्षांत सर्वांना उघडपणे पाहावयास मिळते. ऑस्ट्रेलियातील फुटबॉल हे असे एक क्षेत्र आहे. म्हणून तो खेळ आपल्याकडे खेळला जात नसला तरी त्याचा विचार येथे केला आहे.

खेळाचे स्वरूप

फुटबॉल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो खेळ येतो त्याहून हा खेळ निराळा आहे. १८५९ साली मेलबर्न येथे त्याचे पहिले नियम लिहिले गेले. क्रिकेटची मैदाने हिवाळ्यात रिकामी असत. त्या मैदानांवर तो वाढला आणि आजही तो बहुतांशी तशाच लंबवर्तुळाकार मैदानांवर खेळला जातो. क्रिकेटच्या वृत्तांतांमुळे ज्या मेलबर्नच्या मैदानाचे नाव आपल्याकडील मुलांनाही ठाऊक असते, त्याच मैदानावर सामान्यतः सप्टेंबरच्या अखेरीस या खेळाचा अंतिम सामना होतो.

मैदानाची लांबी १३५ ते १८५ मीटर असते. प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू एका वेळी मैदानात असतात. सामन्याचे चार भाग असून प्रत्येक भाग २० मिनिटांचा असतो. तथापि खेळ थांबलेला वेळ त्यात मिळविला जात असल्यामुळे प्रत्यक्षात तो अर्ध्या तासाच्या आसपास जातो. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण, कडेच्या खांबांतून गेला तर एक गुण. चेंडू लांबट आहे, आणि म्हणूनच तो जमिनीवर आपटल्यावर कोणीकडे उसळेल याचा भरवसा नसतो.

चेंडू हातात घेता येतो, परंतु फेकता येत नाही. सहकाऱ्याकडे द्यावयाचा असल्यास तो एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो. याला 'हँडबॉल' म्हणतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याने दर पंधरा मीटरांत एकदा तरी तो जमिनीवर आपटला किंवा टेकविला पाहिजे. किमान पंधरा मीटर दुरून लाथाडलेला चेंडू कोणाचाही स्पर्श होण्यापूर्वी हवेतल्या हवेत झेलला तर त्याला 'मार्क' म्हणतात. अशा खेळाडूला प्रतिस्पर्ध्यांच्या अडथळ्याशिवाय लाथ मारण्याची संधी मिळते. प्रतिस्पर्ध्याला खांद्याच्या खाली व गुडघ्याच्या वर धरून पाडता येते. आणि एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे, आपल्या परिचयाच्या फुटबॉलमधील ऑफसाइडचा नियम येथे नाही. खेळाडू मैदानात कोठेही उभा राहू शकतो. त्यामुळे चेंडू आणि अडथळा ही दोन्ही चारी बाजूंनी येतात.

एवढ्या मोठ्या मैदानावर, एवढा वेळ चालणाऱ्या खेळात धावणे किती असेल याची कल्पना करता येईल. मैदानाच्या मध्यभागी खेळणारा खेळाडू एका सामन्यात १२ ते १५ किलोमीटर अंतर कापतो, आणि तेही सरळ व संथपणे नव्हे, तर थांबत, वळत, धडका घेत. मग ज्या मुलाला वेग नाही आणि दमही बेताचाच आहे त्याने या खेळाची आशा का धरावी, असे कोणीही विचारील. निवड करणारेही हेच विचारतात.

निवडीची रीत

या खेळातील सर्वोच्च स्पर्धेत आज १८ क्लब आहेत. नवे खेळाडू कोणत्या क्लबाने घ्यावयाचे हे १९८६ पासून 'ड्राफ्ट' नावाच्या वार्षिक निवडीने ठरते. क्लब आळीपाळीने एकेका मुलाचे नाव पुकारतात. ज्याचे नाव लवकर पुकारले जाईल त्याच्याविषयीची अपेक्षा मोठी. ज्याचे पुकारलेच जात नाही त्याने आपल्या गावच्या किंवा प्रांताच्या संघाकडे परत जावे. निवडीस पात्र ठरणारी मुले त्या वर्षअखेर अठरा वर्षे पूर्ण करणारी असतात, म्हणजे परीक्षेच्या वेळी त्यांपैकी कित्येक सतराच वर्षांची असतात. निवडीपूर्वी त्यांची शारीरिक चाचणी होते. २० मीटर धाव, चपळाईने वळत धावणे, उभी उडी आणि आता २ किलोमीटरची दौड, असे तिचे मुख्य भाग आहेत. सेकंदाचा शंभरावा भागदेखील तेथे टिपला जातो.

या चाचणीला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती जे मोजते ते बरोबर मोजते. प्रश्न इतकाच आहे की, ती काय मोजत नाही?

एक साधे गणित मांडून पाहू. वीस मीटर अंतरावर चेंडू पडला आहे आणि दोन मुले त्याकडे धावत आहेत. एकाला हे अंतर कापण्यास २.९ सेकंद लागतात, दुसऱ्याला ३.२ सेकंद. दोघे एकाच क्षणी एकाच रेषेवरून निघाले तर पहिला ०.३ सेकंद आधी पोहोचेल. धावेच्या शेवटी मुलाची गती सेकंदाला सुमारे आठ मीटर धरली, तर दुसरा मुलगा त्या क्षणी जवळजवळ अडीच मीटर मागे असेल. चेंडू गेलाच म्हणावयाचा. परंतु सामन्यात शिटी वाजत नाही आणि रेषाही नसते. दुसऱ्या मुलाने लाथ मारणाऱ्याच्या खांद्याची दिशा पाहून चेंडू कोठे पडणार हे अर्धा सेकंद आधी ओळखले, तर तो ०.२ सेकंद आधी पोहोचतो. किंवा तो आरंभीच तीन मीटर योग्य बाजूला सरकून उभा असेल, तरी तोच आधी पोहोचतो. चाचणीने मोजलेले तीन दशांश सेकंद खरे आहेत. पण सामन्यात ते अशा रीतीने भरून काढता येतात. पुढे आणखी एक गोष्ट आहे. चेंडू हाती आल्यावर वेगवान मुलगा तो कोणाला द्यावा याचा विचार करीत क्षणभर थांबला, तर त्याने कमावलेले सर्व तेथेच गमावले. लाथाडलेला चेंडू कोणत्याही मनुष्यापेक्षा अधिक वेगाने जातो. ज्याला तो त्वरित व नेमका देता येतो, त्याचे पाय मंद असले तरी त्याचा खेळ मंद नसतो.

अर्थात कागदावरचे गणित हा पुरावा नव्हे. पुरावा खेळाडूंच्या कारकीर्दीतच शोधला पाहिजे.

ग्रेग विल्यम्सचे उदाहरण

व्हिक्टोरिया प्रांतात बेंडिगो नावाचे, एके काळी सोन्याच्या खाणींमुळे भरभराटलेले शहर आहे. तेथे १९६३ साली जन्मलेला ग्रेग विल्यम्स हा मुलगा गोल्डन स्क्वेअर या स्थानिक संघातून खेळत असे. मेलबर्नच्या कार्लटन क्लबाने त्याला दोन वेळा अजमावून पाहिले आणि दोन्ही वेळा परत पाठविले. कारण एकच होते: पाय फार मंद. ड्राफ्टची पद्धत तेव्हा सुरू व्हावयाची होती. त्यामुळे क्लबाने नाही म्हटले की मुलाने दुसरे दार ठोठावावयाचे, एवढाच मार्ग होता. विल्यम्सने बेंडिगोच्या साखळीतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदक १९८२ व १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे मिळविले. तेव्हा जिलाँग क्लबाने त्याला घेतले. तेथील प्रशिक्षक टॉम हेफी यांना त्याच्यात काहीतरी दिसले, आणि १९८४ मध्ये तो वरिष्ठ संघातून खेळू लागला.

काय दिसले असावे? विल्यम्सच्या खेळाचे वर्णन करणारे सर्वजण त्याच्या हातांविषयी बोलतात. गर्दीत, चार माणसे अंगावर कोसळत असता, चेंडू जमिनीवरून उचलून त्याच क्षणी तो मोकळ्या सहकाऱ्याच्या हातात नेमका पडेल असा ठोसणे, हे त्याचे वैशिष्ट्य होते. धावून जाण्याचे काम तो सहकारी करी. गर्दीच्या आतल्या बाजूस वेगाला फारसा वाव नसतो. तेथे पाय रोवून उभे राहण्याची ताकद, वाकण्याची तयारी आणि मान न वळविता आजूबाजूस कोण आहे याचे भान, यांना किंमत येते. मंद मुलाने वेगवान मुलांच्या शर्यतीत भाग घेण्याऐवजी आपल्या गुणांना जेथे मोल आहे तेथे उभे राहावे, हा धडा त्याला कोणी शिकविला की तो आपोआप शिकला, हे सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

१९८६ मध्ये हेफी सिडनीच्या संघाकडे गेले आणि विल्यम्सही त्यांच्याबरोबर गेला. त्याच वर्षी त्याला ब्राउन्लो पदक विभागून मिळाले. हे पदक १९२४ पासून दिले जाते आणि ते देण्याची रीत मोठी अर्थपूर्ण आहे. प्रत्येक सामन्यानंतर त्या सामन्याचे पंचच सर्वोत्तम तीन खेळाडूंना तीन, दोन व एक अशी मते देतात आणि हंगामाच्या शेवटी त्यांची बेरीज होते. पंच हे खेळाच्या सर्वांत जवळ असतात. कोण किती जलद धावला हे त्यांना घड्याळावर दिसत नाही. चेंडू कोणाच्या हातून सुटल्यावर खेळाचे पारडे फिरले, हे मात्र दिसते. १९८९ मध्ये सेंट किल्डा संघाविरुद्धच्या एका सामन्यात विल्यम्सने लाथ व हँडबॉल मिळून ५३ वेळा चेंडू सहकाऱ्यांकडे दिला किंवा पुढे लोटला. हा उच्चांक २०१८ पर्यंत अबाधित होता.

१९९२ मध्ये तो ज्या क्लबात गेला तो क्लब कार्लटन. ज्यांनी त्याला दोनदा परत पाठविले होते त्यांनीच आता त्याला आणले. १९९४ मध्ये तेथे त्याला दुसरे ब्राउन्लो पदक मिळाले. १९९५ च्या अंतिम सामन्यात कार्लटनने जिलाँगचा ६१ गुणांनी पराभव केला आणि त्या सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचे पदकही विल्यम्सलाच मिळाले. १९९६ मध्ये शतकातील सर्वोत्तम संघ म्हणून जो संघ जाहीर झाला त्यात त्याचे नाव होते. एकूण २५० सामने खेळून १९९७ मध्ये तो निवृत्त झाला.

या कारकीर्दीची दुसरी बाजूही शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. जो खेळाडू गर्दीच्या आत राहून खेळतो त्याला मारही अधिक बसतो. खेळताना डोक्याला बसलेल्या आघातांमुळे आपली स्मरणशक्ती बाधित झाल्याचे विल्यम्सने २०१३ मध्ये स्वतः जाहीरपणे सांगितले. वेगाच्या अभावी मुलाला धक्काबुक्कीच्या जागी उभे करणे ही निर्धोक युक्ती नव्हे. ज्याच्यावर मुलांचा विश्वास असतो त्याने या गोष्टीकडे डोळेझाक करू नये. डोक्याला मार बसलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू देऊ नये, हा नियम प्रत्येक खेळाला व प्रत्येक शाळेला लागू आहे.

नंतरची उदाहरणे

विल्यम्सच्या काळी चाचण्या आजच्या इतक्या काटेकोर नव्हत्या. म्हणून तो निसटून वर आला, असे कोणी म्हणेल. त्यासाठी सॅम मिचेलचे उदाहरण पाहावे. १९८२ मध्ये जन्मलेला हा मुलगा २००० च्या ड्राफ्टमध्ये होता, पण एकाही क्लबाने त्याचे नाव पुकारले नाही. उंची १८० सेंटिमीटरच्या आसपास, वेग बेताचा. पुढचे वर्ष त्याने बॉक्स हिल या दुय्यम संघातून खेळून काढले. २००१ च्या ड्राफ्टमध्ये हॉथॉर्न क्लबाने त्याला घेतले ते ३६ व्या क्रमांकावर. त्यानंतर २००३ मध्ये सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू, २००८ मध्ये विजेत्या संघाचा कर्णधार, २०१३, २०१४ व २०१५ अशी सलग तीन वर्षे विजेत्या संघात स्थान, आणि एकूण ३२९ सामने, अशी त्याची कारकीर्द झाली. २०१२ चे ब्राउन्लो पदक मूळ विजेत्याकडून काढून घेण्यात आल्यानंतर २०१६ मध्ये ते ट्रेंट कॉचिन व मिचेल या दोघांना देण्यात आले. २०२२ पासून त्याने हॉथॉर्नच्याच मुख्य प्रशिक्षकाची जागा घेतली.

मिचेलचा विशेष म्हणजे त्याला दोन्ही पायांनी सारख्याच अचूकतेने लाथ मारता येत असे. वरवर पाहता हे केवळ कौशल्य वाटते. वस्तुतः तो वेगाचा पर्याय आहे. ज्याला एकच पाय चालतो त्याला चेंडू घेतल्यावर त्या पायाच्या बाजूला वळावे लागते. वळण्यात वेळ जातो. आणि प्रतिस्पर्ध्यालाही ठाऊक असते की हा कोणीकडे वळणार. दोन्ही पाय चालणारा वळतच नाही. शर्यतीत गमावलेला वेळ त्याने येथे परत मिळविलेला असतो. आणि हा गुण जन्मजात नाही. अंगणात भिंतीवर चेंडू मारीत, नावडत्या पायाने हजारो वेळा चुकूनच तो येतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील मॅट प्रिडिस यालाही मुख्य निवडीत स्थान मिळाले नव्हते. उमेदवार खेळाडू म्हणून, म्हणजे खालच्या यादीतून, तो वेस्ट कोस्ट क्लबात शिरला आणि २०१४ मध्ये त्याने ब्राउन्लो पदक मिळविले.

उदाहरणांचा मोह

येथवर वाचून शिक्षकांनी फार समाधान मानू नये. तीन नावे सांगितली. परंतु ज्यांना मंद म्हणून परत पाठविले आणि जे खरोखरच त्या दर्जापर्यंत पोहोचू शकले नसते अशा मुलांची नावे कोणीच लिहून ठेवीत नाही. अपवादांची गोष्ट सांगून मुलाच्या मनात आशा निर्माण करणे आणि नंतर ती फलद्रूप झाली नाही म्हणून त्यालाच दोष देणे, हा अन्याय होय.

शिवाय खेळ बदलत असतो. बदली खेळाडूंना मैदानात आतबाहेर करण्याची सोय १९७८ मध्ये सुरू झाली. ती पुढे इतकी वाढली की प्रशिक्षक दमलेल्या खेळाडूला वारंवार विश्रांती देऊ लागले. तेव्हा २०१४ मध्ये अशा अदलाबदलींवर सामन्यास १२० ची मर्यादा घातली गेली, २०१६ मध्ये ती ९० वर व २०२१ मध्ये ७५ वर आणली गेली. मर्यादा जितकी कमी, तितकी विश्रांती कमी. म्हणजे वेग नसला तरी चालेल असे एक वेळ म्हणता येईल, पण दमही नसला तरी चालेल असे आज म्हणता येत नाही. विल्यम्सच्या पिढीला मिळालेली सवलत आजच्या मुलास मिळेलच असे नाही.

सुदैवाने या दोन उणिवा एकाच जातीच्या नाहीत. सरळ धावेचा वेग बराचसा स्नायूंच्या रचनेवर अवलंबून असतो आणि ती रचना मोठ्या प्रमाणात आईबापांकडून आलेली असते. सरावाने पाऊल टाकण्याची रीत सुधारते, मांड्यांना बळ येऊन पहिली चारपाच पावले अधिक जोरकस पडतात. पण मंद मुलगा अतिशय वेगवान होईल अशी अपेक्षा व्यर्थ आहे. दमाचे तसे नाही. हृदय, फुप्फुसे व स्नायू यांची प्राणवायू वापरण्याची शक्ती नियमित धावण्याने काही महिन्यांतच वाढू लागते. ती प्रत्येकात सारखी वाढत नाही हे खरे, परंतु ज्याने कधी नियमाने धावण्याचा अभ्यासच केलेला नाही त्याच्या बाबतीत सुधारणेस बराच वाव असतो. म्हणून मुलाला वेग आणि दम दोन्ही कमी असताना जो प्रशिक्षक दिवसभर त्याला वीस मीटरच्या धावा काढावयास लावतो, तो जे कमी सुधारते त्यावर वेळ घालवितो आणि जे अधिक सुधारते ते सोडून देतो. याच्या उलट करणे शहाणपणाचे.

आणखी एक बाब वयाची. मुलगे साधारणतः तेराव्या-चौदाव्या वर्षी झपाट्याने उंच होतात. काहींचे हे वय लवकर येते, काहींचे उशिरा. उंची एकदम वाढली की काही काळ हातपाय आपले नसल्यासारखे वाटतात आणि कालचा चपळ मुलगा आज अडखळतो. एकाच वर्गात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला अशी दोन मुले असतात; सतराव्या वर्षी हे अंतर थोडे वाटते, सातव्या वर्षी ते आयुष्याचा सातवा हिस्सा असते. प्राथमिक शाळेतील 'मंद' या शेऱ्यात कितीदा केवळ 'लहान' एवढाच अर्थ असतो, हे जुन्या नोंदवह्या काढून जन्मतारखांशी ताडून पाहिल्यास शिक्षकांना स्वतःच कळून येईल.

मुलाला काय सांगावे

आता त्या सतरा वर्षांच्या ऑस्ट्रेलियन मुलाकडे वळू. तो व्हिक्टोरियातील एखाद्या खेड्यातील गव्हाच्या शेतकऱ्याचा मुलगा आहे असे समजावे. गावच्या संघात तो सर्वांत अधिक चेंडू मिळवितो, पण वीस मीटरच्या धावेत सर्वांच्या मागे असतो आणि दोन किलोमीटरच्या दौडीतही मधल्या फळीच्या खालीच राहतो. त्याने आपल्या शिक्षकाला विचारले, 'सर, मी पुढे खेळू शकेन का?' तर प्रामाणिक उत्तर काय?

पहिली गोष्ट, संख्या त्याच्यापासून लपवू नये. दर वर्षी सबंध देशातून मुख्य ड्राफ्टमध्ये निवडली जाणारी मुले सुमारे साठ असतात. वेगवान मुलांनाही तेथे जागा मिळत नाही. दुसरी गोष्ट, त्याचे वेगाचे आकडे फारसे बदलणार नाहीत, परंतु दोन किलोमीटरचा आकडा पुढील हिवाळ्यापर्यंत बदलू शकतो आणि तो बदलणे त्याच्या हाती आहे. तिसरी, त्याला चेंडू अधिक मिळतो याचे कारण शोधावे. गावातील प्रतिस्पर्धी कच्चे आहेत म्हणून मिळत असेल, तर वरच्या दर्जाच्या सामन्यात ते लगेच उघडे पडेल. चेंडू कोठे येणार हे तो आधी ओळखतो म्हणून मिळत असेल, तर तो गुण वरच्या दर्जातही टिकण्याचा संभव आहे. हे पाहण्यासाठी त्याला एकदा आपल्याहून सरस मुलांत खेळवावे. एवढा एक सामना चाचणीच्या दहा आकड्यांहून अधिक सांगून जातो.

चौथी गोष्ट म्हणजे दारे एकाच दिवशी बंद होत नाहीत. अठराव्या वर्षी नाव पुकारले गेले नाही तरी व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया व पश्चिम ऑस्ट्रेलिया येथील प्रांतिक साखळ्यांत प्रौढ माणसांबरोबर खेळता येते, आणि मिचेल व प्रिडिस हे दोघेही अशाच संघांतून वर आले. २०१९ पासून तर हंगामाच्या मध्यावरही अशा खेळाडूंना घेण्याची निवड पुन्हा सुरू झाली आहे. आणि तेथूनही तो वर गेला नाही, तर? तर शनिवारी दुपारी आपल्या गावच्या मैदानावर तो खेळेल. त्या देशातील शेकडो गावांत असे संघ आहेत. शेतकरी, सुतार, शिक्षक त्यांतून तिशी उलटेपर्यंत खेळतात आणि गाव त्यांना पाहावयास जमते. हे सांगताना शिक्षकाच्या आवाजात कीव असू नये. त्या मुलाने पहिल्यांदा चेंडू हाती घेतला तो बहुधा याच मैदानासाठी घेतला होता.

नोंदवहीतील दुसरा रकाना

आपल्या शाळेत हा खेळ नाही. परंतु घड्याळ जे मोजत नाही ते मोजण्याचा एक सोपा उपाय कोणत्याही शाळेच्या अंगणात करता येतो. आठ-दहा मुलांना सैल वर्तुळात उभे करावे. मध्ये उभ्या असलेल्या मुलाने चेंडू कोणाकडेही, पण आपल्या मनाप्रमाणे फेकावा. दोन मुले वर्तुळाच्या आत राहून तो अडविण्याचा प्रयत्न करतील. दर पाच मिनिटांनी अडविणारी जोडी बदलावी. कोण किती वेळा चेंडूपर्यंत पोहोचला एवढेच शिक्षकाने बाजूस बसून खुणांनी टिपावे. त्या वेळी मुलांच्या पायांकडे न पाहता डोळ्यांकडे पाहावे: काही मुले चेंडू सुटल्यावर धावतात, काही तो फेकणाऱ्याचा हात हलताच निघतात. खो-खो शिकविणाऱ्या शिक्षकांना हा भेद सांगावयास नको. खो मिळण्यापूर्वीच ज्याच्या अंगाचा तोल सावध झालेला असतो असा बसलेला गडी त्यांनी पाहिलेला असतो.

हा खेळ आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे घ्यावा. एका दिवसाच्या नोंदीवर विसंबू नये; मूल कधी तापातून उठलेले असते, कधी उपाशी आलेले असते. नोंदवहीत धावण्याच्या सेकंदांशेजारी दुसरा रकाना आखून त्यात सहा आठवड्यांची बेरीज लिहावी, आणि जन्मतारीखही तेथेच नोंदवावी. संघ निवडताना तिन्ही रकाने समोर ठेवावेत.